वायसरांच्या डबीतल्या गोळ्या

नगरकडच्या कर्जत तालुक्यात लिंबाची बाग असलेल्या कुणालाही सहादेवनानांचं नाव विचारा. आधी तो हसेल, मग म्हणेल, "त्यांची बोलणी आमी लई खाल्लीत." नाना ठिबकचे फिटर. तीस वर्षांत त्यांनी किती बागांत काळ्या नळ्या अंथरल्या ते त्यांनाही सांगता यायचं नाही. पण कुठल्या बागेतला वॉल्व्ह कुठल्या झाडाखाली पुरलाय, ते झोपेतून उठवून विचारा, सांगतील. आणि बागवाल्यानं फिल्टर धुतलेला नसला, तर त्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार करतील, तोही त्याच्याच घरचा चहा पीत.

तरुणपणी नाना दारं धरायचे. खांद्यावर खोरं, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, आणि पाटाचं पाणी वाफ्या-वाफ्यानं फिरवत दिवस काढायचा. अर्धं पाणी बांध प्यायचे, उरलेलं ऊन प्यायचं, झाडाच्या वाट्याला काय यायचं ते देवाला ठाऊक. मग ठिबक आलं. राहुरीला विद्यापीठात तीन दिवसांचं शिबिर होतं, त्याला गावातून एकटे नाना गेले आणि परत आले ते दुसराच माणूस होऊन. "पानी रानाला न्हाई पाजायचं, मुळीला पाजायचं," असं ते भेटेल त्याला सांगू लागले. लोक हसले. थेंब थेंब पाजून कुठं झाड जगतं का, म्हणाले. एकटे शेजारच्या मळ्यातले पीरमहंमद पुढं आले. "सहादेव, माझ्या दोन एकराला कर," ते म्हणाले. "झाडं मेली तरी तुझंच नाव घेईन, जगली तरी तुझंच."

झाडं जगली. पीरमहंमद आता नाहीत, पण त्यांचा मुलगा फैयाज तीच बाग करतो आणि नानांशिवाय कुणाला नळीला हात लावू देत नाही.

पाण्यासारखंच खताचं. वाफाभर युरिया फेकत चाललेला शेतकरी दिसला की नाना बांधावरूनच ओरडायचे, "आरं, ज्याला भूक लागलीया त्याच्या तोंडात घाल की. गावजेवण कशाला घालतोस?" मग त्याच्या हातातली पाटी खाली ठेवायला लावून खत नळीतून थेट बुडाशी कसं सोडायचं ते तासभर समजावायचे. तासाला पैसे नव्हते, पण सांगितल्याशिवाय नानांना घास गोड लागत नव्हता.

हे सगळं आधी सांगून टाकतोय, कारण पुढं जे झालं ते याच शहाणपणातून झालं. नाना मूर्ख नव्हते. मूर्ख माणूस निमूट डॉक्टरचं ऐकतो आणि बरा होतो.

उजव्या पायाचं दुखणं दोन वर्षांपासून होतं. पन्नास पावलं चाललं की पोटरी गच्च धरायची, थांबलं की सुटायची. अंगात शुगर होती, खिशात बिडी होती. नाना बांधावर बसायचे, बिडी पेटवायचे आणि "वय झालं" म्हणून उठायचे. अशात त्याच पायाच्या अंगठ्याला लिंबाचा काटा लागला. महिना झाला तरी जखम भरेना, उलट बोट काळपट पडायला लागलं. त्यांच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी हळद लावली, मलम लावलं, आणि एके दिवशी नानांना न विचारता मुलाला फोन केला. ज्ञानेश्वर नगरला एमआयडीसीत कामाला. तो गाडी घेऊनच आला आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात नानांना नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथं डॉक्टर दिशा भेटल्या. पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टर. नानांच्या मांडीतली मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती. त्यांनी जांघेतून बारीक नळी घातली, फुगा फुगवून वाट मोकळी केली आणि ती परत मिटू नये म्हणून आत जाळीची नळी बसवली. नाना जागेच होते, सगळं पडद्यावर बघत होते. नंतर वॉर्डात डॉक्टर समजावायला आल्या.

"नाना, अशी उघडलेली वाट पुन्हा अरुंद व्हायला बघते. रक्त तिथं चिकटतं, गुठळी धरते आणि वाट बुजते. म्हणून या नळीला आतून औषधाचा थर दिलेला असतो. रक्त गोठू न देणारं औषध, नेमकं त्याच जागेवर."

नाना उशीवरून उठायलाच लागले. "म्हंजे सगळ्या अंगाला न्हाई? फकस्त त्या जागंला?"

"हो, त्या जागेला."

"म्याडम," नाना म्हणाले, "हे तर माझंच काम हाय की."

आणि मग डॉक्टरांना ठिबक ऐकावं लागलं. मुळीला पाणी, मुळीला खत, मुळीला औषध. सलाईन बदलायला आलेली नर्ससुद्धा थांबली. डॉक्टर हसल्या, "अगदी बरोबर" म्हणाल्या. त्या "अगदी बरोबर"नं नाना असे खुलले, की पुढचं त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. डॉक्टर सांगत होत्या, की बिडी आजपासून बंद, आणि रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या, एक गुलाबी आणि एक पांढरी, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. ते सगळं मुक्ताबाईंनी ऐकलं. नाना तेव्हा मनातल्या मनात गावातल्या चार जणांना ही नवी नळी समजावून सांगत होते.

बिडी मात्र सोडली. त्याचं श्रेय माणसाला द्यायला पाहिजे. जखम भरत आली, आणि नाना एका दमात फैयाजच्या बागेपर्यंत जाऊ लागले. दोन वर्षांनी ते चालता चालता बोलू लागले, नाहीतर आधी बोलायचं तर थांबावं लागायचं.

मुक्ताबाईंना वाचता येत नाही. पण त्यांनी गोळ्यांची अशी काही शिस्त लावली, की शिकलेल्याला जमायची नाही. सकाळी भाकरी खाऊन झाली की नानांच्या तळहातावर तीन गोळ्या यायच्या, शुगरची, गुलाबी आणि पांढरी. पाकीट रिकामं झालं की त्या ते फेकत नसत. खणाच्या कापडाच्या पिशवीत घडी करून ठेवत. मेडिकलवाल्यापुढं तेच रिकामं पाकीट ठेवायचं आणि म्हणायचं, "हेच दे बाबा. याच्यासारखं न्हाई, हेच."

पौषात बागेची छाटणी चालली होती. नानांच्या हाताला काटा ओरबाडला आणि रक्त काही थांबेना. पंचा भिजला, दुसरं फडकं बांधलं, तेही भिजलं. दात घासताना हिरड्यांतून लाल येत होतं, मांडीवर न लागताच निळे डाग उठत होते. नाना विचार करायला बसले, आणि हा माणूस विचार करायला बसला की समजावं, काहीतरी मोडणार आहे. औषध जागेवर आहे, त्यांनी ठरवलं. नळीच्या आत, नेमकं जिथं पाहिजे तिथं. मग सगळ्या अंगाचं रक्त कशापायी पातळ करायचं? गोळी गिळायची म्हणजे पुन्हा पाटपाणीच. जन्मभर ज्याला शिव्या घातल्या तेच आपल्या अंगात चालू द्यायचं?

डॉक्टरला एक फोन करायला पाहिजे होता. पण फोन कोण करतो? ज्याला शंका आहे तो. नानांना शंका नव्हती.

मुक्ताबाईला सांगितलं तर ती ऐकायची नाही, ज्ञानेश्वर तर डोक्यावरच बसेल. म्हणून नानांनी कुणाला काही सांगितलं नाही. शुगरची गोळी तोंडात टाकायची, बाकीच्या दोन मुठीत ठेवून वर पाणी प्यायचं, आणि फिटिंगची पिशवी खांद्याला लावून बाहेर पडायचं. त्या पिशवीत रबरी वायसरांची एक पत्र्याची डबी असायची. गोळ्या त्या डबीत जायच्या. बांधावर फेकता आल्या असत्या, पण औषध फेकायचं त्यांच्या जिवावर यायचं, त्यातून बायकोनं हातावर ठेवलेलं. दोन महिने हे असं चाललं. हिरड्या बऱ्या झाल्या, डाग गेले. आपलं गणित बरोबर निघालं, असं नानांना रोज वाटत होतं.

फाल्गुनात एका सकाळी आठच्या सुमाराला ते फैयाजच्या बागेत नळीवरचे थेंब सोडणारे ड्रिपर तपासत होते. एकदम उजव्या पायात अशी कळ आली, की हातातली नळी सुटली. ते खाली बसले. पाय चोळला, तर पाय हाताला गार लागला. गुडघ्याखाली पांढरा पडला होता, आणि बोटं असून नसल्यासारखी.

"नाना, काय झालं?" फैयाज धावत आला.

"पाय गेला," नाना म्हणाले. एवढंच म्हणाले.

फैयाजनं त्यांना उचलून पिकअपमध्ये घातलं. वाटेत घरावरून मुक्ताबाईंना घेतलं. त्या होत्या त्याच लुगड्यावर, हातात ती रिकाम्या पाकिटांची पिशवी घेऊन बसल्या. नानांच्या खांद्याला फिटिंगची पिशवी तशीच होती. मिरजगाव मागं पडलं तेव्हा मुक्ताबाईंनी त्यांचा पाय मांडीवर घेऊन पदराखाली झाकला. नगर येईस्तोवर त्या तो पाय चोळत होत्या आणि पाय काही ऊन होत नव्हता.

दवाखान्याच्या दारात ज्ञानेश्वर उभाच होता. डॉक्टर दिशांनी पायावर यंत्र फिरवलं, बोटं हलवायला सांगितली. बोटं जराशी हलली. त्यांनी घड्याळाकडं बघितलं.

"जाळीच्या नळीत गुठळी झालीय," त्या म्हणाल्या. "पाय अजून जिवंत आहे, पण वेळ थोडा आहे. मला एकच गोष्ट खरी सांगा. गोळ्या रोज चालू होत्या का? गोळ्या चुकल्या असतील, तर गुठळी त्यामुळं झाली. मग मी बारीक नळी थेट गुठळीपर्यंत नेऊन तिथं औषध सोडते, गुठळी विरघळते, वाट उघडते. पण गोळ्या चालू असताना झाली असेल, तर बसवलेली नळीच खराब. मग तिथं औषध सोडण्यात वेळ घालवणार नाही, ऑपरेशनच करावं लागेल. आणि नानांच्या शिरा बघता, पायाची खात्री देता येणार नाही."

"रोज दिल्यात," मुक्ताबाई लगेच म्हणाल्या. "एक दिस चुकले न्हाई."

नाना छताकडं बघत राहिले.

"आई, नीट आठव," ज्ञानेश्वर म्हणाला. "तुला वाचता येत न्हाई. दुसरंच पाकीट दिलं आसशील."

"न्हाई रं. हेच." मुक्ताबाईंनी पिशवी खाटेवर पालथी केली. दुमडलेली रिकामी पाकिटं चादरीवर पसरली. त्या एकेक उलगडून डॉक्टरांपुढं धरू लागल्या. "ही गुलाबी. ही पांढरी. बघा म्याडम, समदी मोकळी हायत."

"मग झालं कसं?" ज्ञानेश्वरचा आवाज चढला. तो घाबरला होता आणि घाबरलेला माणूस कुणावर तरी ओरडतोच. "म्या किती डाव म्हणलं, मला रोज फोन करून इचारत जा. तुझ्या भरवशावर सोडलं तीच चूक झाली."

मुक्ताबाईंनी हातातल्या पाकिटाकडं बघितलं. दोन्ही बाजूंनी उलटून बघितलं. ज्या बाईला क्षणभरापूर्वी काडीची शंका नव्हती, तिच्या तोंडावर शंका आली. "चुकलं आसंल माझं," त्या हळू म्हणाल्या. "मला मेलीला काय कळतंय. एखांद्या दिशी चुकलं आसंल."

पायातली कळ तेव्हा जीव घेत होती, पण नानांना आठवतं ते हे वाक्य. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका बांधावर उभं राहून, ओरडून दाखवल्या होत्या. आता स्वतःची चूक दोन हातांच्या अंतरावर पडली होती, आणि ती बाई ती उचलून आपल्या पदरात बांधत होती. गप्प राहिले असते, तर कुणाला कधी कळलं नसतं. नानांना लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

"तिचं काय बी चुकलं न्हाई," ते म्हणाले. "तिनं दिल्या. म्या खाल्ल्या न्हाईत."

त्यांनी फिटिंगच्या पिशवीकडं बोट केलं.

"ज्ञानू, पिशवीतली डबी काढ."

ज्ञानेश्वरनं पत्र्याची डबी काढून झाकण उघडलं. काळ्या रबरी वायसरांत गुलाबी आणि पांढऱ्या गोळ्या, वरपर्यंत. दोन महिन्यांच्या सकाळी तिथं पडून होत्या. काहींना रबराचा काळा डाग लागला होता. मुक्ताबाईंनी वाकून डबीत बघितलं. मग त्यांनी खाटेवरची पाकिटं एक एक करून गोळा केली, घडी घातली आणि पिशवीत भरली. नानांकडं त्यांनी बघितलं नाही.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या आणि नर्सला हाक मारून खाट हलवायला सांगितली.

जांघेतून नळी पुन्हा आत गेली, या वेळी गुठळीच्या पार तोंडाशी. नळीचं दुसरं टोक एका छोट्या पंपाला जोडलेलं. पाय जराही हलवायचा नाही, दिवसभर असंच पडून राहायचं. पंपावरच्या आकड्याकडं नाना बराच वेळ बघत होते. शेवटी राहवलं नाही, त्यांनी नर्सला विचारलंच, "ताशी किती सोडताय?"

"ताशी पाच मिली, आजोबा."

पाच मिली. चमचाभर. नाना ज्या जागेवरच्या औषधावर इतका जीव टाकून बसले होते, तेच औषध आता चमच्या-चमच्यानं त्यांचा पाय सोडवत होतं. खोटं नव्हतंच ते. खोटं होतं ते एवढंच, तेवढ्यावर भागतं असं त्यांनी धरून चालणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाय ऊन झाला. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला, वाट मोकळी दिसली. पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वाचलं नाही. ती दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाल्या, आणखी दोन तास उशीर झाला असता तर गुडघ्याचं बोलत बसलो असतो.

ज्ञानेश्वर आईजवळ येऊन बसला, "आई, म्या उगीच बोललो," म्हणाला, आणि मुक्ताबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचं तेवढ्यावर मिटलं. नानांचं मिटलं नाही. दोन दिवस मुक्ताबाई त्यांना जेवू घालत होत्या, पाय पुसत होत्या, पांघरूण सारखं करत होत्या, आणि एक शब्द बोलत नव्हत्या. बोलणी घालणाऱ्या माणसाला कुणी बोलेनासं झालं, की त्याला कुठं तोंड लपवावं ते कळत नाही. नाना उगाच खोकायचे, उगाच पाणी मागायचे.

तिसऱ्या दिवशी मुक्ताबाई मोसंबं सोलता सोलता म्हणाल्या, "एक इचारू का?"

"इचार की."

"तुमी लोकांच्या मळ्यात नवी नळी टाकता. नवा ड्रिपर बसवता. मग हिरीवरचा फिल्टर त्यांला रोज धुवाय का लावता? ड्रिपर तर नवाच हाय."

नानांनी तोंड उघडलं. उत्तर पाठ होतं. तीस वर्षं शेकडो बांधांवर त्यांनी ते ओरडून सांगितलं होतं. वरून घाण येत राहिली तर खालचा ड्रिपर कितीही चांगला असू दे, आज ना उद्या बुजणारच. मुक्ताबाईंनी ते बांधावर डबा घेऊन येताना ऐकलं होतं. बागवाल्यांनी चहा पीत ऐकलं होतं. एकट्या नानांनी ते कधी ऐकलं नव्हतं, कारण ते बोलत होते.

"घ्या," म्हणून मुक्ताबाईंनी मोसंब्याची फोड पुढं केली. नानांनी ती घेतली, आणि खाता खाता त्यांचे डोळे भरून आले.

आता नाना काठी घेऊन चालतात, एका पायात पुढं कापूस भरलेला बूट असतो. बागांत जातात, पण वाकणं फैयाजवर सोपवून बांधावर बसतात. फिल्टरवरून अजून बोलतात, पण पूर्वीसारखा उद्धार करत नाहीत. एखादा नवा बागवाला "नाना, कशाला रोज धुवायचा?" असं म्हणाला, तर ते बूट काढतात आणि पाय दाखवतात. तो माणूस दुसऱ्या दिवशी फिल्टर धुतो.

घरी नवी रीत सुरू झाली. सकाळी भाकरी झाली की मुक्ताबाई तळहातावर गोळ्या ठेवत, नाना गिळत, मग मूठ उघडून दाखवत आणि तोंड उघडत. मुक्ताबाई हनुवटी धरून आत बघत, जीभ उचलायला लावत. आलं-गेलं माणूस असलं तरी सुटका नसे. फैयाजनं एकदा ते बघितलं आणि हसू दाबत बाहेर गेला. चारचौघांत कुणाचं ऐकून न घेणारा हा माणूस सहा महिने रोज सकाळी लेकरासारखा आ करून बसला, आणि त्यानं एकदाही कुरकुर केली नाही.

मग परवाच्या सोमवारी मुक्ताबाईंनी नेहमीप्रमाणे गोळ्या हातावर ठेवल्या, पाण्याचा तांब्या सरकवला, आणि शेळीला पाला टाकायचा म्हणून उठून बाहेर गेल्या. वळून बघितलं नाही.

नानांनी गोळ्या गिळल्या. मग काठी न घेताच उंबऱ्यापर्यंत गेले.

"मुक्ते."

"काय?"

"आज बघितलं न्हाईस."

मुक्ताबाई पाल्याची पेंढी हातात धरून उभ्या राहिल्या. "ऱ्हाऊ द्या आता," त्या म्हणाल्या. "किती दिस बघायचं?"

नाना उंबऱ्यावर बसले, मूठ उघडून तळहात पुढं केला, आणि तोंड उघडून बसून राहिले. मुक्ताबाईंनी पेंढी खाली ठेवली. पदराला हात पुसत त्या आल्या, नानांची हनुवटी धरली आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"गिळल्या," त्या म्हणाल्या, आणि शेळीकडं गेल्या.